वाळूची आक्का

रस्ता बंद झाला त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. फाटकवाल्याने दरवर्षीच्या तारखेला लाल-पांढरा दांडा खाली आणला, कुलूप लावलं आणि पाटी टांगली: ‘बर्फामुळे घाट मोटारींना बंद’. मग टोपी काढून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

मी विचारलं, “बर्फ कुठंय?”

“येईल,” तो म्हणाला. “नाही आला तरी पाटी तीच आहे.”

या घाटात मी तीस वर्षं बस चालवली. निवृत्त झालो तरी सकाळी पाय आपोआप फाटकाकडे वळायचे, म्हणून त्या दिवशीही तिथे उभा होतो. एरवी रस्ता बंद झाला काय आणि उघडा राहिला काय, माझं काही अडणार नव्हतं. अडलं होतं ते आक्कापायी.

आक्का माझी थोरली बहीण. घाटाच्या माथ्यावर तिची खानावळ आहे. वर चार खाटा, खाली चार टेबलं. हिवाळ्यात सगळे खाली उतरतात, ती उतरत नाही. शेगडी विझली तर नळ गोठून फुटतात, हे ती सांगते ते कारण. खरं कारण असं की आक्काला माणसं आवडतात, पण जेवून निघून जाणारी. हिवाळ्यात ती एकटी फार सुखात असते.

या वेळी मात्र रस्ता बंद व्हायच्या आधी ती सामान भरायला खाली आली, तेव्हा दुकानात टांगलेल्या एका कोटाला तिने “काय, बरं आहे ना?” असं विचारलं. कोट काही बोलला नाही, तर ती त्याच्यावर रागावली. माझ्या बायकोने तिला तशीच दवाखान्यात नेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. डावा अजून कच्चा होता, उजवा मात्र पिकून गेलेला. ऑपरेशन करणारे डॉक्टर आमच्या गावात वर्षातून एकदाच येतात, हिवाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात. नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, “या खेपेला उजवा झाला तर झाला. पुढच्या वर्षापर्यंत थांबलात तर तो डोळा गेला म्हणून समजा.”

“मला सगळं दिसतं,” आक्का दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाली आणि शेवटच्या बसने वर निघून गेली.

रस्ता बंद झाल्यावर मी तिला फोन केला. “आक्का, त्या आठवड्यात तू खाली यायला हवीस.”

“आले असते रे धाकट्या,” ती म्हणाली, “पण रस्ता बंद आहे ना!” तिचा आवाज इतका खुलला होता, की रस्ता तिनेच जाऊन बंद करून आल्यासारखा वाटला.

मी फाटकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “आजारी माणसासाठी खात्याची गाडी वर जाते. पण आजारी माणसाने स्वतः फोन करून सांगायला हवं की मी आजारी आहे.”

मी पुन्हा आक्काला फोन लावला. “एवढंच म्हण, मी आजारी आहे.”

“मी का म्हणू? आजारी तू आहेस. काम नाही, धंदा नाही, दिवसभर दुसऱ्याचे डोळे मोजत बसतोस.”

“अगं, डोळा जाईल!”

“एवढा पुळका आलाय, तर ये सायकल मारत आणि ने मला मागे बसवून. ढकलत नाही हं, चालवत. दारात सायकलवरून उतरताना मला दिसलास, तर मुकाट्याने मागे बसेन. शब्द आहे माझा.”

आक्काच्या शब्दाबद्दल सांगायला हवं. लहानपणी ती आमच्या काकांवर रुसली आणि यांच्याशी बोलणार नाही म्हणाली. काका म्हातारे होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा ती त्यांना भेटायला गेली आणि पूर्ण वेळ शेजारच्या पलंगावरच्या माणसाशी बोलून आली. त्यामुळे हा शब्द ती पाळणार याची मला खात्री होती. मी घाट चढणार नाही याची तितकीच खात्री तिला होती.

बायको म्हणाली, “तुम्ही? सायकलवर? घाट?” प्रत्येक शब्दाला ती वेगळी हसली. मग तिने विचारलं, “आणि वन्संना कॅरियरवर बसवून खाली आणणार? डोळा वाचेल हो, बाकीच्या हाडांचं काय?”

मी पोटमाळ्यावरून सायकल काढली. टायर बदलले, ब्रेकची रबरं नवी घातली, साखळीला तेल दिलं आणि फाटकावर गेलो.

फाटकवाल्याने पाटी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. “मोटारींना बंद,” तो म्हणाला. “सायकल मोटार नाही. जा. पण येताना मागे बहीण असेल, तिचं काय?”

“तीसुद्धा मोटार नाही.”

“हेही खरं,” तो म्हणाला आणि दांडा वर न करता मला खालून वाकून जाऊ दिलं.

खरं तर घाटात सायकली चालवणाऱ्यांशी माझं आयुष्यभराचं वैर. उतारावर अंगावर येणारे, चढावर वाट अडवणारे. त्यांना शिव्या देताना काच खाली करायचा मला कधी कंटाळा आला नाही. शेवटी आम्ही सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून खात्याकडे तक्रार केली, आरडाओरडा केला, आणि सायकलींबद्दल एक पाटी माथ्यावर लावून घेतली. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. पण ते जुनं झालं.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या वळणापर्यंत गेलो. त्या वळणाला चढ आहे हे बसमध्ये असताना मला कधी जाणवलंच नव्हतं. तिथे कठड्यावर बसून मी इतका धापा टाकत होतो, की एक कावळा जवळ येऊन बघून गेला.

आठवडाभरात जरा दम आला, तेव्हा मी पद्धतशीर सुरुवात करायची ठरवली. आमच्या डेपोत नवी गाडी आली की एक पद्धत होती. माणसांना बसवायच्या आधी सीटांवर वाळूची पोती ठेवायची आणि भरलेली गाडी घाट चढवून बघायची. गाडी चढली, की पोती माथ्यावर रिकामी करायची आणि मग कुठे ती गाडी रस्त्यावर यायची. सायकल माझी जुनी असली तरी घाटाला नवीच होती. आणि माणूस बसणार होतं आक्का. तेव्हा तिच्या वजनाची वाळू मागे बांधून घाट चढता आला म्हणजे झालं.

फाटकाशेजारी वाळूची मोठी पेटी असते. बर्फ पडला की रस्त्यावर पसरायला. यंदा ती काठोकाठ भरलेली होती.

“सरकारी आहे,” फाटकवाला म्हणाला. “बर्फावर टाकायची.”

“बर्फ नाही.”

“मग रस्त्यावर टाकायची. ने तू. पण परत आणू नकोस. वाटलेली वाळू परत घ्यायची सोय नाही.”

अशी सुरुवात झाली. पूर्ण आक्का उचलणं शक्यच नव्हतं. पहिले काही आठवडे मी पाव आक्का नेली. जिथे दम संपेल तिथे उतरायचं, पोतं रिकामं करायचं आणि हलक्या सायकलवर घरी यायचं. फाटकवाल्याला याची गोडी लागली. तो सकाळी कपबशी हातात घेऊन दारात उभाच असायचा.

“आज किती आक्का?”

“पाव.”

“कालचीच? बाईंनी काही खाल्लं नाही वाटतं.”

हिवाळा पुढे सरकत होता, बर्फाचा पत्ता नव्हता. रस्ता कोरडा, रिकामा, अगदी माझ्या एकट्याचा. बस चालवताना पाट्या नजरेसमोरून पळून जायच्या. आता एकेक पाटी वाचून संपेपर्यंत ती समोरच असायची. ‘सावकाश चला’, मी चालत होतोच. ‘हॉर्न वाजवा’ आला की घंटी वाजवायचो. ‘ओव्हरटेक करू नये’, नाही केलं. वाळूचे ढीग मात्र वर वर सरकत चालले होते. आधी दगडी पुलापाशी, मग दोन देवदारांच्या वळणावर, मग जुन्या टाकीजवळ. रोजच्या जागी रोजची वाळू पडून काही ढीग चांगले गुडघाभर झाले. पाव आक्काची अर्धी आक्का झाली. पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. खरं पोट मात्र होतं तिथेच राहिलं, कारण घाटातून आल्यावर मला अशी भूक लागायची, की बायकोने भाकऱ्या मोजायचं सोडून दिलं होतं.

आक्का रोज संध्याकाळी फोन करायची. “आज कुठवर?”

“दगडी पूल.”

“हात्तिच्या! पूल तर पायथ्याशीच आहे.” आणि मजेत हसायची.

पुढे मी “देवदारांपर्यंत” म्हणालो, तेव्हा ती हसली नाही. “टाकीपर्यंत” म्हणालो, तेव्हा तिला एकदम गुडघेदुखी आठवली. मग शेगडी कोण बघणार, नळ फुटले तर कोण भरून देणार, हे सुरू झालं. रस्त्याचं नाव ती घेईनाशी झाली. आणि एका संध्याकाळी मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “धाकट्या, डोळा कापताना माणूस जागा असतो का रे?”

“असतो म्हणतात. दुखत नाही.”

“दुखण्याचं नाही विचारलं. सुरी डोळ्याकडे येताना दिसत असेल ना?”

मला तिथे दोन गोड शब्द बोलता आले असते. पण मी म्हणालो, “तुला कुठून दिसणार? तुला कोट दिसत नाही.”

तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर उचलला नाही. त्यानंतर तिचा फोन येणं बंद झालं. मला कळत होतं, रस्ता नव्हे, शेगडी नव्हे, नळही नव्हेत. आक्का घाबरली होती. अंधारात पाल पकडून बाहेर टाकणारी माझी बहीण एका सुरीला घाबरली होती, आणि हे कुणाला कळण्यापेक्षा तिला आंधळं होणं परवडत होतं.

डॉक्टर यायचा आठवडा जवळ आला. मी अजून टाकीच्या पुढे जाऊ शकत नव्हतो. निदान रस्ता वेळेत उघडेल म्हणून फाटकावर चौकशी केली, तर तिथे निराळाच घोळ. बर्फ काढायचं यंत्र हिवाळाभर ताडपत्रीखाली उभं होतं आणि ते चालवणारा गडी फाटकवाल्याशी पत्ते खेळत होता.

“रस्ता केव्हा उघडायचा? तर सगळा साफ केल्यावर,” फाटकवाला समजावू लागला. “यंत्र वर जाणार, रस्ता साफ करून येणार, इंजिनियर साहेब वर कळवणार, मग उघडणार.”

“मग करा की साफ.”

“काय साफ करू? बर्फच नाही.”

“म्हणजे रस्ता स्वच्छ आहे म्हणून उघडत नाही?”

“अगदी बरोबर,” तो पान टाकत म्हणाला. त्याला माझं समजणं पसंत पडलं असावं.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवायला बसलो. अर्धी आक्का टाकीच्या वर जात नव्हती, आणि माथा अजून कितीतरी लांब. बायको वाढता वाढता थांबली.

“एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“वन्संना खाली आणायचंय की वर न्यायचंय?”

“खाली.”

“मग वर जाताना मागे कुणीच नसणार ना?”

घास हातातच राहिला. जन्मभर मला एकच भीती शिकवलेली, भरलेली गाडी चढावर थांबण्याची. रिकामी गाडी वर नेली तर डेपोत जाब विचारायचे. त्यामुळे वर जाताना सायकल रिकामी असणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“आधी का नाही बोललीस?” मी म्हटलं.

“मला वाटलं, ड्रायव्हर लोकांचं काही शास्त्र असेल.”

फाटकवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मला पहिल्या दिवसापासून तेच वाटत होतं. पण म्हटलं, पेटी रिकामी होतेय, होऊ दे.”

एक दिवस मी पायांना विश्रांती दिली. नेमक्या त्याच दिवशी इंजिनियर साहेब जीपमधून घाट बघायला गेले. पुलापासून टाकीपर्यंत त्यांना रस्त्यावर वाळूचे ढीगच ढीग दिसले. हे मला मागाहून कळलं. साहेब खाली येऊन फाटकवाल्याला म्हणाले, “रस्त्यावर वाळू कशी?”

“रस्त्यावरच टाकायची असते, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला म्हणे. हिवाळाभर ज्याची वाट पाहिली, ते साफ करण्याजोगं काहीतरी अखेर सापडलं होतं. ताडपत्री निघाली, यंत्र धडधडत वर गेलं, माझी सगळी पाव आणि अर्धी आक्का दरीत लोटून आलं आणि साहेबांनी वर कळवलं, की घाट साफ झाला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता निघालो. फाटकवाला अजून झोपलेला होता. पोत्याशिवाय सायकल अशी उडत होती, की मला दोनदा मागे वळून चाक आहे ना ते बघावंसं वाटलं. पूल आला, देवदार आले, टाकी आली. ढीग कुठेच नव्हते. मला वाटलं, वाऱ्याने नेले. टाकीच्या पुढे मात्र पायांनी हिशेब मागायला सुरुवात केली. वळणामागून वळण, छातीत भाता, तोंडाला कोरड. थांबत होतो, पाणी पीत होतो, पण चढताना मी एकदाही सायकल ढकलली नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

माथा जेमतेम एका वळणावर राहिला आणि मागून हॉर्न आला. तो हॉर्न मी झोपेतही ओळखतो. बस होती. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगेला ड्रायव्हर आता मिशा वाढवून माझ्या सीटवर बसला होता.

त्याने काच खाली केली. “मामा! रस्ता उघडला! चढा वर!”

“नको!”

“अहो, तिकीट नको तुमच्याकडून!”

“नको म्हटलं ना!”

बसमधले लोक खिडक्यांतून डोकी काढून टाळ्या वाजवत होते. बस पुढे निघून गेली आणि तिच्या धुरात मी आक्काच्या अंगणात पोचलो. एकीकडे बसमधून माणसं उतरत होती, एकीकडे मी सायकलवरून.

आक्का दारात उभी होती. पदराने हात पुसत, डोळे बारीक करून.

“आक्का,” मला एवढंच बोलता आलं.

“धाकट्या? अगंबाई! आलास होय बसने.”

“सायकलने.”

“आवाज तर बसचा आला.”

“बसही आली. मीही आलो.”

“म्हणजे बसने.”

“अहो, ते सायकलनेच आलेत,” एक उतारू म्हणाला. “आम्ही बघितलं की त्या वळणावर.”

“तीस वर्षं बस चालवली त्याने,” आक्का म्हणाली. “बसमधले सगळे त्याचेच.”

हिवाळाभराचा घाम माझ्या डोळ्यांसमोरून दरीत जाताना दिसला. हातापाया पडावं, नाहीतर उचलून बसमध्ये टाकावं, असं दोन्ही मनात आलं. मग सुचलं.

“आक्का, तू दारातच उभी होतीस ना?”

“होते.”

“इकडेच बघत होतीस?”

“मग काय पाठ करून उभी राहणार?”

“आणि तुला सगळं दिसतं.”

“दिसतंच मुळी.”

“मग मी सायकलवरून उतरलो तेही दिसलं असेल.”

आक्काने पुन्हा पदर हातात घेतला. उतारू ऐकायला जवळ सरकले.

“दिसलं नसेल तर तसं सांग,” मी म्हणालो. “चौघांसमोर म्हण, मला दिसत नाही. मग मी जातो निघून.”

ती कोरडे हात पुसत राहिली. मग एक पाऊल पुढे आली आणि हात लांब करून हवेत काहीतरी शोधू लागली. मी सायकल जरा पुढे सरकवली. तिचा हात हँडलला लागला. हँडलवरून सरकत घंटीपाशी गेला. तिने एकदा घंटी वाजवली.

“दिसलं,” ती म्हणाली. “किती हळू चालवतोस रे! मला वाटलं, पेंगतोयस.”

ती आत गेली ती लगेच पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी दारामागेच भरून ठेवलेली होती. शेगडी विझलेली होती, नळही सोडून रिकामे केलेले होते. केव्हा केलंस, असं मी विचारलं नाही.

“चल,” ती म्हणाली आणि चाचपडत कॅरियरवर बसली. “शब्द म्हणजे शब्द.”

मी पायडलवर पाय ठेवतोय, तोच मिशीवाला ड्रायव्हर धावत आला. “मामा, असं नाही जाता येणार. रस्ता मोटारींना खुला झाला की सायकलींना बंद. ती बघा पाटी.”

पाटी मला बघायची गरज नव्हती. ती लागली तेव्हा हार घालायला मीच होतो.

शेवटी सायकल टपावर गेली आणि आम्ही दोघं बसमध्ये बसलो. प्रत्येक वळणावर आक्का माझी बाही घट्ट धरत होती. दगडी पूल ओलांडला तेव्हा म्हणाली, “सायकलवर एवढे धक्के बसले नसते.”

ऑपरेशन झालं. आत जाताना तिने नर्सबाईंना सांगितलं, “माझा भाऊ बाहेर आहे ना, तो फार भित्रा आहे. त्याला जरा बसवून घ्या.” नर्सबाईंनी मला खरोखरच बसवलं आणि पाणी दिलं. मी ते प्यायलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आक्काने आधी समोरची भिंत बघितली, खिडकी बघितली. माझ्या बायकोला म्हणाली, “केस पांढरे झाले गं तुझे, कुणी सांगितलं नाही मला.” मग तिने माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून खाली येत तिची नजर पोटावर येऊन थांबली. बराच वेळ थांबली.

“हे घेऊन तू घाट चढलास?”

“चढलो.”

“बसनेच आला होतास तू. मला तेव्हाच वाटलं होतं. चौघांसमोर तुझी शोभा नको, म्हणून बोलले नाही.”

मी विजार वर करून पोटरी दाखवली. नर्सबाई हसत बाहेर गेल्या. आक्काने नव्या डोळ्याने पोटरी नीट पाहिली आणि म्हणाली, “आपल्या घरात सगळ्यांच्या अशाच आहेत.”

मग तिने डोळा मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. बहुधा चालतोय ना, हे बघत असावी.

“डावा पुढच्या वर्षी करायचा म्हणतात,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या हिवाळ्यात खरोखर ये सायकलवर. मी दारात उभी राहून बघेन. वळणापासूनच बघेन.”

घरी आलो तर बायको सायकल पोटमाळ्यावर चढवायच्या तयारीत होती. मी म्हटलं, राहू दे खालीच.